मडबनच्या सड्यावरचं चार महिन्यांचं पाणी : अणुऊर्जा महामंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक,
न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया लिमिटेड,
अणुशक्तीनगर, मुंबई.

विषय : मडबनच्या सड्यावरच्या पावसाळी पाणथळींची जागा कायमची राखून ठेवण्याबाबत.

महोदय,

राजापूर शहराजवळ उन्हाळे गावच्या टेकडीवर गंगा येते, हे आपण ऐकलं असेल. साधारण तीन वर्षांनी येते, काही काळ राहते आणि जशी आली तशी निघून जाते. ती आली की चौदा कुंडं भरतात, मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात, वाटेवर खाजं आणि नारळाची दुकानं लागतात. ती गेली की कुंडं कोरडी ठाक. पण कोरडी आहेत म्हणून ती कुंडं बुजवून तिथे हापूसची कलमं लावावीत, असं राजापुरात आजवर कुणाच्या मनात आलेलं नाही. येणारं-जाणारं पाणीही पाणीच असतं, एवढं आमच्या तालुक्याला कळतं. निदान उन्हाळे गावापुरतं तरी.

तिथून पश्चिमेला, समुद्राच्या कडेवर, जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी आपल्या ताब्यात असलेला मडबनचा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार आहे. त्यावरही पाणी येतं आणि जातं. तीन वर्षांनी नव्हे, दर वर्षी. त्याला कुंड नाही, पुजारी नाही, सातबाऱ्यावर नोंद नाही. त्याच्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी याच तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. माझं गाव मडबन नव्हे आणि माझी गुंठाभरही जमीन प्रकल्पात गेलेली नाही. त्यामुळे ‘मास्तर, तुमचा काय संबंध?’ असं मला दोन्ही बाजूंनी विचारता येईल. संबंध एवढाच की नोकरीतली बरीच वर्षं मी दर श्रावणात चौथीची मुलं सड्यावर नेत असे. परिसर अभ्यासाचा तास म्हणून. हातात फूटपट्टी, हजेरीच्या जुन्या वहीची कोरी पानं, आणि डोक्यावर इरल्याऐवजी खताच्या पिशवीची खोळ. कुठल्या डबक्यात किती पाणी, त्यात काय पोहतंय, कडेला काय फुललंय, हे मुलं लिहीत. तालुक्यातले बरेच सडे असे पालथे घातले. कुंपण पडण्याआधी मडबनलाही जाऊन आलो. आता आत जाता येत नाही, ते रीतसरच आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

प्रकल्पाचा इतिहास आपल्याला सांगायला नको. मडबन, करेल, निवेली, मिठगवाणे आणि परिसरातली मिळून सुमारे ९३८ हेक्टर जमीन. १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, म्हणजे ९,९०० मेगावॉट. नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटींसह मिळालेली पर्यावरण मंजुरी. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याला प्रकल्पविरोधी आंदोलकांवर झालेला पोलीस गोळीबार आणि त्यात गेलेला एक तरुण. २०१३ मध्ये वाढवून दिलेला जमिनीच्या भरपाईचा हेक्टरी साडेबावीस लाखांचा दर. भट्ट्या देणारी फ्रेंच कंपनी आधी अरेवा, मग ईडीएफ. अणुभट्टी हवी की नको, यावर या पत्रात मी एक ओळही लिहिणार नाही. मला मत नाही असं नाही. पण माझं मागणं अणुभट्टी झाली तरी लागू आहे आणि न झाली तरी. आणि ते आज, जमीन आपल्या नावावर असताना आणि अजून बरंच काही कागदावर असतानाच ऐकलं जाऊ शकतं. एकदा बुलडोझर चढला की मग फुलांचे फोटो छापलेली दिनदर्शिका तेवढी काढता येते.

सडा म्हणजे काय, हे मार्च महिन्यात गाडीच्या काचेतून पाहणाऱ्याला समजणार नाही. त्याला दिसतो तो काळपट-तांबडा, भाजून निघालेला, सपाट कातळ. मधूनमधून करपलेलं गवत आणि एखादं खुरटं झुडूप. हा जांभा. मूळचा काळा दगड लाखो वर्षं पावसात भिजत आणि उन्हात तापत राहिला, त्यातलं विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि लोखंड-अॅल्युमिनियमचा गाळ मागे उरून घट्ट झाला. त्याचे चिरे काढून आम्ही घरं बांधली. पण घरं बांधून झाल्यावर उरलेला सडा म्हणजे काहीच नव्हे, अशी एक समजूत आमच्यातच रुजली. ‘कातळावर पेरलं’ म्हणजे फुकट गेलं, असंच आम्ही म्हणतो ना.

आता हाच सडा जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाहा. कातळ काही एकसारखा सपाट नसतो. कुठे हातभर खळगा, कुठे न्हाणीघराएवढा, कुठे खळ्याएवढा, कुठे टाचेएवढाच. पहिल्या मोठ्या पावसात हे सगळे भरतात. एका रात्रीत पिवळेधमक झालेले बेडूक सड्यावर गोळा होतात आणि त्यांच्या आवाजाने खालच्या वाडीला झोप येत नाही. काही ठिकाणी कातळाच्या फटीतून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही वनस्पती जगात कोकणपट्टीतल्या अशा मोजक्या सड्यांवरच राहिलेली आहे. आषाढात डबक्यांच्या तळाशी शेवाळासारखं काही हिरवं धरतं. श्रावणात कडेच्या बोटभर मातीत सीतेची आसवं निळी-जांभळी होतात, आणि पाण्याच्या काठाने गेंदाची पांढरी बटणं उभी राहतात. मधूनच दवबिंदूचं तांबूस रोप, पानांवर चिकट थेंब घेऊन किडा येण्याची वाट पाहत असतं. मुलांना हे रोप फार आवडे. वनस्पती किडे खाते हे कळल्यावर एका मुलीने विचारलं होतं, ‘गुरुजी, हिला वरणभात मिळत नाही म्हणून?’ याहून नेमकं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सड्याच्या मातीत नत्र जवळपास नसतंच. ज्याला मातीतून मिळत नाही, तो हवेतून उडणारं पकडून खातो. सीतेची आसवंही तेच करतात, फक्त त्यांचे सापळे मुळांसारख्या बारीक तंतूंवर, ओल्या मातीत दडलेले असतात.

भाद्रपदात गवत वाढतं. नवरात्रापर्यंत डबकी आटू लागतात. दिवाळीत कातळ पुन्हा कातळ.

यातली मुख्य गोष्ट मला फार उशिरा कळली. आटणं हा या पाण्याचा दोष नाही. आटतं म्हणूनच ते तसं आहे. जे पाणी बारा महिने राहतं, त्यात मासे येतात. आणि मासे आले की बेडकांची पिल्लं, चतुरांच्या अळ्या, पाण्यातले बारीक जीव यांची चटणी होते. सड्यावरच्या डबक्यात मासा टिकत नाही. म्हणून तिथे ज्यांना घाई आहे अशांचं राज्य असतं. बेडकाचं पिल्लू पाणी संपायच्या आत पाय फुटवून बाहेर पडतं. सह्याद्रीतल्या पठारांवरच्या डबक्यांत फेअरी श्रिम्प नावाचा बोटाच्या पेराएवढा पारदर्शक जीव सापडतो. तो उलटा, पाठ खाली करून पोहतो. पाणी आहे तेवढ्या आठवड्यांत जन्म, वाढ, अंडी, मरण. पुढचे आठ महिने अंडी वाळलेल्या गाळात, पन्नाशीच्या घरात तापणाऱ्या कातळावर पडून राहतात, आणि पुढच्या जूनमध्ये पाणी लागलं की फुटतात. सगळी एकदम नाही. काही मुद्दाम मागे राहतात, एखादं वर्ष दगा देईल म्हणून. आमच्या आईचं बियाण्याचं गाडगं असंच असायचं. सगळं भात ती एका पेरणीला कधी काढत नसे.

तेव्हा मार्चमध्ये मोकळा दिसणारा खळगा रिकामा नसतो. त्यात पुढची पेरणी पडलेली असते. त्यावरून एकदा रोलर फिरला की संपलं.

सडा कोरडा असतो तेव्हाही तिथे वस्ती असते. सैल पडलेल्या दगडाखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल राहते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्याच दोरले गावातून १९६३ साली तिची पहिली शास्त्रीय नोंद झाली आणि आज ती धोक्यातल्या जातींत गणली जाते. तिला झाड नको, झुडूप नको, कातळावर सुटा पडलेला दगड हवा. बागेसाठी सडा ‘साफ’ करताना पहिल्यांदा जातो तो हाच दगड. आणि चैत्र-वैशाखात उघड्या जमिनीवर चार खड्यांमध्ये माळटिटवी अंडी घालते. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

एवढं लिहून झाल्यावर माणसांचं लिहायला हवं, नाहीतर हे पत्र फुलपाखरं पकडणाऱ्याचं वाटेल. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर साचलेलं पाणी त्यातून खाली मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर आलं की आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. आमच्या वाड्या सड्याच्या माथ्यावर नाहीत, कडेखाली आहेत. पूर्वजांनी त्या झऱ्यांच्या बाजूने वसवल्या. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे मे महिन्यात टँकर का येतो, याची कारणं अनेक आहेत. पण वरचा सडा फोडला, की खालचा झरा महिनाभर आधी आटतो, हे वाडीतल्या म्हाताऱ्यांना कुणी अहवालातून शिकवलेलं नाही. शिवाय पावसाच्या सुरुवातीला सड्यावरच्या रानभाज्या: फोडशी, कवला, टाकळा. पहिल्या पावसात उताराच्या पऱ्यांतून, म्हणजे ओढ्यांतून, वर चढणारे मासे. चरायला गुरं. जमीन कोणाच्या नावावर आहे हे फोडशीला माहीत नसतं, ती खुडणाऱ्या बाईलाही पूर्वी फारसं माहीत नसे.

मग हे सगळं कागदावर का नाही? कारण कागदांना पावसाळा नसतो. सातबाऱ्यावर सडा ‘पोटखराबा’ असतो. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात ‘ओसाड, खडकाळ’ असा रकाना आहे, त्यात तो बसतो. पाणथळींचा राष्ट्रीय नकाशा उपग्रहाच्या चित्रांवरून झाला, आणि सव्वादोन हेक्टरपेक्षा लहान पाणथळी त्यात नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या गेल्या. ती चित्रं पावसाआधीची आणि पावसानंतरची. मधल्या चार महिन्यांत उपग्रहाला कोकणावर ढगच दिसतात, तेव्हा खळ्याएवढं डबकं ठिपका म्हणून तरी कुठून येणार? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ज्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण द्यायला सांगितलं, त्या सगळ्या सव्वादोन हेक्टरांवरच्या. गंमत अशी की त्याच वर्षीच्या पाणथळ नियमांत पाणथळीच्या व्याख्येत कायमचं आणि तात्पुरतं, दोन्ही पाणी बसतं. व्याख्येत आहे, नकाशात नाही. आमच्या शाळेत असा एक मुलगा होता: जनरल रजिस्टरला नाव, हजेरीपटावर नाही. तपासणीला साहेब आले की तो कुठल्याच बाकावर मोजला जात नसे.

बाहेरच्यांकडे बोट दाखवण्याआधी घरचं सांगतो. माझ्या वडिलांनी सत्तरच्या दशकात आमच्या वाट्याच्या कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, डोक्यावरून माती आणून ते भरले आणि कलमं लावली. त्या हापूसवर माझं डी.एड. झालं. आज तेच काम जेसीबी चार दिवसांत करतो आणि आख्ख्या सड्यांचे सडे आंबा-काजूखाली जातात. दुसरीकडे चिरेखाणी. आणि आता जिथे ‘पडीक’ दिसेल तिथे सौर पॅनेलचा विचार. डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारखे अभ्यासक उत्तर पश्चिम घाटातल्या आणि कोकणातल्या सड्या-पठारांबद्दल कितीतरी वर्षं लिहीत आहेत. त्यांचं वाचून मी माझ्याच बागेकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो. कलमं तोडणार नाही, तेवढा साधू मी नाही. पण उरलेला कातळ फोडायला दिलेला नाही. भाऊबंद हसतात.

हे मी अशासाठी सांगतो आहे की खाजगी मालकाचा सडा वाचवणं किती अवघड आहे ते कळावं. दर वाटणीला तो तुटतो, दर लग्नाला विकला जातो. आपल्याकडे मात्र एका मालकाच्या हातात, एका सलग तुकड्यात, जवळजवळ साडेनऊशे हेक्टर आहेत. इतका सलग सडा, आणि तोही कलमांविना आणि चिरेखाणींविना राखू शकेल असा मालक, आमच्या तालुक्यात दुसरा नाही. हे वाक्य लिहिताना मला स्वतःलाच विचित्र वाटतं आहे. पण खरं आहे.

असं कुणी केलं आहे का, असं आपण विचाराल. केलं आहे, आणि तेही अणुभट्टीच्याच शेजारी. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो शहराची वीज कंपनी आहे, लोकांनी निवडलेल्या मंडळाची. तिची रॅंचो सेको नावाची ९१३ मेगावॉटची अणुभट्टी होती. जून १९८९ मध्ये शहराने मतदान करून ती बंद केली. शीतकरणाचे दोन उंच मनोरे गायरानात उभे राहिले. त्याच परिसरात या कंपनीने अकराशेहून अधिक एकर जमीन निसर्ग राखीव म्हणून बाजूला काढली. कशासाठी, तर तिकडच्या हंगामी डबक्यांसाठी. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, डबकी वसंतात फुलतात आणि उन्हाळ्यात भेगाळतात. त्यांतही फेअरी श्रिम्प आहे; तिथल्या सरकारने १९९४ मध्ये त्याला संरक्षित जातींच्या यादीत घातलं. तिकडची असली बहुतेक डबकी शेती आणि घरबांधणीखाली गेल्यावर उरलेल्यांची किंमत कळली. आपण निदान तेवढं थांबू नये.

त्या उदाहरणातला एक भाग मात्र आपण उचलू नये अशी माझी विनंती आहे. ती जमीन एक प्रकारची पेढी आहे. कंपनीच्या इतर कामांत कुठे डबकी बुजली, तर त्याचा हिशेब इथल्या राखलेल्या डबक्यांशी वळता करायचा. तिकडच्या कायद्यात ते बसतं. आपल्याकडे ही पद्धत आली की काय होतं ते आम्ही वनीकरणात पाहिलं आहे: इथलं जंगल जातं आणि भरपाईची रोपं दुसऱ्याच जिल्ह्यात लागतात, त्यातली किती जगली ते विचारू नये. चिरा काढून दुसरीकडे बसवता येतो. सड्यावरचं डबकं उचलून नेता येत नाही. म्हणून मी भरपाई मागत नाही. आराखड्याची पहिली रेघ मारण्याआधीच ही जागा वगळा, एवढंच मागणं आहे.

ते कठीण नाही. अणुभट्टीभोवती किमान एक किलोमीटरचं, वस्ती नसलेलं क्षेत्र आपल्याला नियमानेच ठेवावं लागतं. तिथे इमारती नसतात, माणसं राहत नाहीत. आपल्याच महामंडळाचा पर्यावरण कार्यक्रम अशा क्षेत्रांतल्या पक्ष्यांवर चालतो, आणि कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्रात दर वर्षी पक्षी मोजण्याची मॅरेथॉन भरते, हे मी वाचलं आहे. तिथे जंगल आहे. जंगल राखायचं म्हणजे काय, ते सगळ्यांना समजतं. सडा राखणं वेगळं आहे, आणि माझी खरी भीती इथेच आहे. दुष्टपणे कुणी नुकसान करेल असं मला वाटत नाही. भीती चांगल्या हेतूंची आहे.

प्रकल्प म्हटला की हरित पट्टा आला. हरित पट्टा म्हटला की ऑस्ट्रेलियन अकेशिया किंवा सुरूचं झाड आलं. खड्डा काढायचा, बाहेरची माती ओतायची, रोप लावायचं, पाच जूनला फोटो. सड्यावर झाड लावणं म्हणजे तळ्यात भराव टाकण्यासारखंच आहे. सावली आली की गेंद गेला, बाहेरची माती आली की तिच्याबरोबर तण आलं, नत्र आलं, आणि वरणभाताविना जगणारी ती रोपं पहिल्याच हंगामात मागे सरली. दुसरा चांगला हेतू जलसंधारणाचा. ‘पाणी चार महिनेच टिकतं, मग खोल करून प्लॅस्टिक घालू, बारमाही करू.’ बारमाही केलं की मासे सोडायचा मोह होतो आणि बाकी सगळं संपतं. तिसरा हेतू उद्यानाचा: पायवाटा, कमानी, फुलांच्या नावांच्या पाट्या, रात्रीचे दिवे. काससारख्या पठारावर गर्दीने काय केलं आणि कुंपण असावं की नसावं यावर साताऱ्यात किती वर्षं वाद झाला, ते आपल्यासमोर आहे.

चौथा हेतू कुलपाचा, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे. जागा राखायची म्हणजे सगळ्यांना बाहेर काढायचं, असं साहेबांना आपोआप वाटतं. रॅंचो सेकोच्या आसपासच्या गायरानांत यावर संशोधन झालं आहे: गुरं बंद केली तेव्हा डबक्यांच्या कडेचं गवत माजलं, ते पाणी पिऊन टाकू लागलं, डबकी लवकर आटू लागली आणि मूळच्या रोपांची विविधता घटली. आपल्याकडची गवतं वेगळी, पाऊस वेगळा. तिकडचं इकडे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण सड्यावर शेकडो वर्षं आमची गुरं फिरत आली आहेत, एवढं तरी ध्यानात घ्या. दिवाळीनंतर मर्यादित चराई, पावसाच्या सुरुवातीला फोडशी-कवला खुडायला बायकांना ओळखपत्रावर प्रवेश, वणवा लावायला बंदी. हे ठरवायला शास्त्रज्ञ हवेत तसे गुराखीही हवेत. ज्यांची जमीन गेली त्यांच्यापैकी काहींना पहारेकरी म्हणून नव्हे, तर नोंदी ठेवणारे म्हणून घ्या. आमची चौथीची मुलं फूटपट्टीने जे करत होती, ते मोठी माणसं नक्कीच करू शकतील.

कायद्याची वाटही आहे. जैवविविधता कायद्यात वारसा स्थळ घोषित करायची सोय आहे, ग्रामपंचायतींशी बोलून राज्य सरकार ते करतं. शेजारच्या सिंधुदुर्गात आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळची जागा एका छोट्या माशासाठी वारसा स्थळ झाली, क्षेत्र २.११ हेक्टर. दोडामार्गात बांबर्ड्याची रानजायफळाची दलदल तशीच वारसा स्थळ झाली, तीही अशीच इवलीशी. म्हणजे सरकारला लहान जागा दिसत नाही असं नाही. कुणीतरी दाखवावी लागते. जमीनमालकाने स्वतःहून दाखवली तर काम किती सोपं होईल.

अशाच कातळावर आमच्या तालुक्यात आणखी एक गोष्ट पडून होती. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, कशेळी, रुंढे तळी इथली कातळशिल्पं. गुराखी त्यांवर बसून भाकरी खात, त्यांना पांडवांनी काढलेली चित्रं म्हणत. काही जिल्हावासीयांनी स्वतःच्या खर्चाने ती शोधून मोजायला घेतली, आणि २०२२ मध्ये यातली काही युनेस्कोच्या संभाव्य यादीत पोहोचली. कातळ तोच होता.

आता आक्षेप. प्रकल्पाला विरोध करणारे माझे काही मित्र हे वाचून रागावतील. म्हणतील, मास्तरांनी महामंडळाला हिरवी शाल पांघरायला दिली. फुलांचं राखीव करतील आणि त्याच्या आडून भट्ट्या उभारतील. भीती खोटी नाही. म्हणूनच मी हे राखीव कुठल्याही मंजुरीच्या बदल्यात मागत नाही, आणि त्याचा उल्लेख कुठल्याही मंजुरीच्या अर्जात जमेच्या बाजूला होऊ नये असं लिहूनही मागतो. मडबनच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, समुद्रात सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्याचा प्रश्न आहे, मच्छीमारांचा आहे. ते सगळे प्रश्न सड्यावरच्या चार डबक्यांनी मिटत नाहीत. आणि आपल्या बाजूचे म्हणतील, राष्ट्राच्या विजेपुढे बेडकांचं काय घेऊन बसलात? त्यांना एवढंच सांगेन की साडेनऊशे हेक्टरांत भट्ट्यांची जागा ठरवताना अभियंते भूकंपाचा, वाऱ्याचा, भरतीचा विचार करतात. त्या यादीत आणखी एक थर घालायचा आहे. तो थर कुणी काढलेला असेल तर उत्तमच, जाहीर करा. नसेल तर जून ते ऑक्टोबर असे पाच महिने चालत काढा, डबकं न् डबकं, आणि हे काम मार्चमध्ये करू नका.

माझी मागणी थोडक्यात इतकीच आहे: एका पावसाळ्यात सर्वेक्षण, त्याआधी सड्यावर कुठलंही खोदकाम किंवा वृक्षारोपण नको, आणि सर्वेक्षणानंतर पाणथळींचा मुख्य पट्टा त्यांच्या पाणलोटासकट वारसा स्थळासाठी सुचवणारं पत्र आपल्या सहीने राज्य जैवविविधता मंडळाला. पाणलोटासकट हे मुद्दाम लिहिलं आहे. कारण डबकं सोडून भोवतालचा कातळ घेतला, तर डबक्यात पाणी यायचं कुठून?

आपल्यापैकी कुणी पाहायला येणार असेल तर श्रावणात या, नारळी पौर्णिमेच्या आसपास. सकाळी लवकर. बूट काढावे लागतील, कारण कातळावर शेवाळ असतं आणि साहेबांचे बूट घसरतात. आमच्या गावचा सडा दाखवीन, तिथे परवानगी लागत नाही. तो पाहिलात की आपल्या ताब्यातल्या सड्यावर काय शोधायचं ते कळेल. मुलांच्या जुन्या वह्या माझ्याकडे आहेत, वाळवी लागली नाही तेवढ्या. त्यात एका पानावर फक्त एवढंच आहे : ‘आज पाणी तीन इंच. कालचा बेडूक गेला. नवीन दोन आले.’

आपला,
एक निवृत्त शिक्षक
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी